उलट क्रमाने

प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत असताना एका प्रशिक्षणार्थ्याच्या वहीतल्या एका ओळीवर माझे पेन थांबले. ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडणारा भाग, बदलण्याचे ते प्रात्यक्षिक होते. उतरवण्याची कृती त्याने सुवाच्य अक्षरात आणि मन लावून लिहिली होती. बॅटरीची तार सोडणे, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढून बाजूला ठेवणे, गिअरचा लिव्हर आणि क्लचची जोडणी वेगळी करणे, गिअरबॉक्सखाली जॅक घेणे, बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लच झाकणाऱ्या आवरणाचे, बोल्ट सोडून गिअरबॉक्स सरळ मागे ओढणे, असा सगळा क्रम बिनचूक होता. त्यानंतर ‘बसवणे’ असे शीर्षक होते आणि त्याच्याखाली एकच ओळ होती : सर्व भाग उलट क्रमाने बसवले. मुलगा हुशार आहे, त्याचा हात चांगला आहे, आणि ही ओळ त्याने मनाने रचलेली नाही. कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत ती शेकडो ठिकाणी छापलेली असते. तरीही त्या पानावर सही करावीशी वाटेना. वही मी बाजूला ठेवली, बाकीचा गठ्ठा संपवला, आणि घरी जाताना डोक्यात तीच ओळ घोळत राहिली.

काढण्याच्या कामात हाताला अडवणारे थोडेच असते. गंजलेला बोल्ट असतो, अडकलेली पिन असते, पण बोल्ट सुटला की तो भाग मोकळा होतो आणि त्याचा विषय संपतो. बसवताना मात्र प्रत्येक भाग आपल्यासोबत एक प्रश्न घेऊन येतो. हा स्वच्छ आहे का, याची बाजू बरोबर आहे का, हा मध्यावर आहे का, याच्या मागे जे कायमचे झाकले जाणार आहे ते पाहून झाले का? यांतला एकही प्रश्न काढताना पडलेला नसतो. मग तो उलट क्रमात कुठून येणार?

माझे बालपण धुळ्यात गेले. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते, ज्यांना जुनी माणसे अजूनही तीन नंबर आणि सहा नंबर म्हणतात, ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. त्यामुळे गावाबाहेर हायवेच्या दोन्ही अंगांना गॅरेज, टायरवाले, स्प्रिंगवाले आणि लेथवाले यांची रांग लागलेली असे. वडील, म्हणजे आमचे आप्पा, ट्रक चालवत. टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, आणि डायम्लर-बेंझ यांच्या कराराने १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक बनू लागले आणि १९६९ पर्यंत त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. अशाच एका ताऱ्याच्या गाडीवर आप्पा क्लीनर म्हणून लागले होते आणि पुढे ड्रायव्हर झाले. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातली केळी उत्तरेकडे पोचवणे हे त्यांचे मुख्य काम होते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आप्पांनी ती बातमी वर्तमानपत्रातून दोनदा मोठ्याने वाचून घेतली होती. केळीचा माल थांबत नाही. हिरवा घड कापला की त्याच्या पिकण्याचा काळ सुरू होतो, आणि वैशाखात खानदेशातला पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो तेव्हा तो काळ आणखी आखडतो. अशा वेळी वाटेत गाडीचा क्लच गेला तर गॅरेजमध्ये काय वातावरण असे, ते मी लहानपणी फार जवळून पाहिले आहे. ताडपत्रीखालून येणारा कच्च्या केळीच्या दांड्यांचा चिकट वास, तापलेल्या डांबराचा वास आणि जळलेल्या क्लच प्लेटचा तो कडवट, घशाशी चिकटणारा वास एकत्र आले की आजही मला आप्पांचा घामाने भिजलेला चेहरा आठवतो.

त्या गॅरेजच्या वस्तादांना सगळे नुसते वस्ताद म्हणत. गिअरबॉक्स खाली आला की ते कोणालाही लगेच नवी प्लेट उघडू देत नसत. नव्या प्लेटचा खोका बाजूला, कोरड्या कापडावर, बंदच राही. आधी बेल हाउसिंगच्या आतली काळी भुकटी काढायची, आणि तीही ओल्या फडक्याने. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवायला त्यांनी पोरांना सक्त मनाई केली होती. त्या काळच्या लायनिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर काय होते हे आता पुस्तकांत लिहिलेले आहे. वस्तादांनी ते वाचले होते की नाही कोण जाणे. ‘ती धूळ छातीत बसते,’ एवढेच ते म्हणत. मी आज वर्गात तो नियम पहिला सांगतो, कारण लायनिंगचा मसाला बदलला असला तरी ती भुकटी श्वासात घेण्याच्या लायकीची नाहीच.

धूळ गेली की फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाच्या ज्या जड चाकाला प्लेट टेकते त्याचा, चेहरा दिसू लागे. चेहरा हाच शब्द योग्य आहे, कारण गाडी कशी चालवली गेली आहे ते त्यावर वाचता येते. निळसर-जांभळे डाग म्हणजे त्या जागी लोखंड अतोनात तापले होते, म्हणजेच अर्ध्या क्लचवर, पेडल अर्धवट दाबून, गाडी बराच वेळ ओढली गेली होती. केसासारख्या बारीक भेगा नखाला लागल्या तर प्रश्न गंभीर. रिबेट घासून पडलेल्या गोल चरी असतील तर प्लेट वेळेवर बदललेली नाही. असा चेहरा तसाच ठेवून त्यावर नवी प्लेट लावणे म्हणजे नव्या प्लेटचे आयुष्य पहिल्याच दिवशी निम्मे करणे होय. पण फ्लायव्हील उतरवून लेथवर फेस मारून, म्हणजे तो चेहरा सपाट करून, आणायचा म्हणजे आणखी काही तास, आणि मालक तिथेच मोडता घालतात. आप्पांचे मालकही घालत. वस्ताद त्यांच्याशी वाद घालत नसत. ते मालकाचे बोट धरून त्या डागावरून फिरवत, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरेसे होई.

त्यानंतर पाहायचे ते तेल. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाचा तेल अडवणारा ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या तोंडाचा सील या दोन जागा फक्त गिअरबॉक्स खाली असतानाच दिसतात. सीलच्या ओठाशी थोडी जरी ओल असली तरी तो बदललाच पाहिजे, कारण लायनिंगला तेल लागले की ते आत मुरते आणि कितीही पुसले तरी प्लेट घसरतेच. फ्लायव्हीलच्या मधोमध बसलेले छोटे पायलट बेअरिंग बोटाने फिरवून पाहायचे. खरखर लागली तर ते काढायचे. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट ज्या टोकावर टेकतो तो आधार हाच. हे भाग स्वस्त असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याची मजुरी महाग असते, हे साधे गणित अनेक मालकांच्या लक्षात येत नाही किंवा त्यांना ते घ्यायचे नसते. प्लेट बदलून रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, जुनेच ठेवणारा माणूस पैसे वाचवत नाही. पुढच्या खेपेला तेच बेअरिंग ओरडू लागले की संपूर्ण गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, आणि तोही बहुधा घरापासून लांब, अनोळखी गॅरेजमध्ये. प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलावे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

आता नव्या प्लेटचा खोका उघडायचा. मध्यम ट्रकची प्लेट सुमारे चौदा-पंधरा इंचांची असते आणि हातात घेतली की तिचे वजन जाणवते. हात मात्र कोरडे हवेत, ग्रीसचे बोट लायनिंगला लागता कामा नये. वस्ताद तिला फ्लायव्हीलकडे नेण्याआधी खाली ठेवलेल्या गिअरबॉक्सकडे नेत आणि त्याच्या शाफ्टवर नुसत्या हाताने सरकवून पाहत. शाफ्टवरच्या खाचांशी प्लेटच्या खाचा जुळतात का, ती न अडकता पुढेमागे होते का, हे पाहायला क्षणभर लागतो, आणि चुकीची प्लेट दुकानातून आली असेल तर ते इथेच कळते. जुनी प्लेट नवीच्या शेजारी ठेवून दोन्हींची उंची आणि मधल्या स्प्रिंगांची बाजू पाहायची. बहुतेक गाड्यांत मधला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो, आणि प्लेटवर बाजू छापलेलीही असते. उलटी लागली तर तो फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि पेडल कितीही दाबले तरी क्लच सुटत नाही. खाचांना ग्रीस लावायचे ते नावापुरते, वरचे सगळे पुसून टाकायचे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना बाहेर फेकले जाते आणि थेट लायनिंगवर जाते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज न चढावा म्हणून कारखान्यात तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तोही पेट्रोलच्या फडक्याने काढायचा. डिझेलने काढू नये, कारण डिझेल स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवते.

यानंतरचे काम मला सगळ्यांत सुंदर वाटते. प्लेट फ्लायव्हीलवर टेकवून तिच्या मध्यातून डमी शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या जागी तात्पुरता वापरायचा दांडा, घालायचा, त्याचे टोक पायलट बेअरिंगमध्ये गेले पाहिजे. मग वरून प्रेशर प्लेट धरायची आणि सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवायचे. आतल्या स्प्रिंगांचा एकत्रित दाब सुमारे एक टनाच्या घरात असतो. बाज विणताना सगळी दोरी एकाच बाजूने ताणली तर चौकट वाकडी होते, तसेच इथे एका बाजूचा बोल्ट पूर्ण आवळला तर प्रेशर प्लेटचे आवरण वाकते. म्हणून समोरासमोरचे बोल्ट घ्यायचे, प्रत्येकाला थोडे फिरवायचे, पुन्हा फेरी मारायची, आणि शेवटची फेरी टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापाने पूर्ण करायची. या सगळ्या वेळात डमी शाफ्ट हाताने सैल फिरतो का ते अधूनमधून पाहायचे. शेवटी तो अलगद बाहेर आला म्हणजे प्लेट मध्यावर आहे. त्यानंतर ती हलणार नाही, कारण तिला आता एका टनाने दाबून धरले आहे. म्हणूनच ती चुकीच्या जागी दाबली गेली तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

रिलीज बेअरिंग आणि त्याला ढकलणारा फोर्क यांच्याकडे मुलांचे लक्ष कमी असते. बेअरिंग डिझेलच्या डब्यात बुडवून धुण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. त्यात कारखान्यानेच ग्रीस भरून ठेवलेले असते आणि धुतल्यावर ते निघून जाते, म्हणून ते फक्त पुसावे. ज्या नळीवर ते सरकते ती गुळगुळीत हवी. फोर्कची टोके झिजलेली असतील तर बेअरिंग तिरके ढकलले जाते. लिव्हर असलेल्या प्रेशर प्लेटमध्ये सर्व लिव्हरांची टोके एका पातळीत आहेत का ते मोजावे लागते, नाहीतर गाडी जागेवरून निघताना थरथरते. फोर्कची क्लिप नीट बसली आहे का, ते गिअरबॉक्स वर चढवण्याआधी शेवटचे एकदा पाहावे. वर चढल्यावर ती दिसत नाही.

आणि मग गिअरबॉक्स वर जातो. हल्ली चांगल्या गॅरेजमध्ये खास जॅक असतात. तेव्हा साधा जॅक, लाकडी ठोकळे आणि चेन ब्लॉक असे. वस्तादांनी दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते बेल हाउसिंगच्या समोरासमोरच्या भोकांत लावण्याची रीत ठेवली होती. त्या दोन दांड्यांवरून गिअरबॉक्स सरळ रेषेत पुढे सरकतो. गाडी गिअरमध्ये टाकून मागची कपलिंग हाताने जराशी फिरवली की शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांत शिरतात. इथवर सगळे ठीक चालते. बेल हाउसिंग इंजिनपासून बोटभर अंतरावर येते, आणि तिथे अडते.

ते बोटभर अंतर हाच या कामाचा कस आहे.

एकदा केळीने भरलेली गाडी बाहेर तापत उभी असताना आप्पा स्वतः त्या अंतरापुढे हतबल होऊन बसलेले मी पाहिले आहेत. ‘वस्ताद, बोल्ट लावा आणि ओढून घ्या, येईल ते पुढे,’ असे ते म्हणाले, आणि मदतनीस पोराने पाना उचललाही. वस्तादांनी त्याच्या हातावर हात ठेवला. ‘जोर नको लावू, भो. तो आपोआप जाई.’ मग ते गाडीखाली आडवे झाले, जॅक केसभर खाली घेतला, फटीतून चारी बाजूंनी बॅटरीचा उजेड टाकून अंतर सारखे आहे का ते पाहिले. वरची फट खालच्यापेक्षा थोडी जास्त होती. गिअरबॉक्सची शेपटी किंचित उचलली, कपलिंग पुन्हा फिरवली, आणि गिअरबॉक्स एका हाताच्या ढकलण्याने बसला. लोखंडाला लोखंड टेकल्याचा जो भरीव आवाज तेव्हा आला, तो ऐकूनच आप्पा उठून उभे राहिले. त्यानंतरच बोल्ट लावले गेले.

बोल्टांनी ओढले असते तर काय झाले असते, हे मी मुलांना मोडलेले भाग दाखवून सांगतो. बोल्ट ओढतो तेव्हा आतले काय अडले आहे याची त्याला फिकीर नसते. शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगच्या काठावर टेकलेले असेल तर बेअरिंग चेंगरते. गिअरबॉक्सचा सगळा भार शाफ्टवरून प्लेटच्या मध्यावर लोंबकळला तर प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट पेडल दाबल्यावरही फ्लायव्हीलला घासत राहते. बेल हाउसिंगचा कान तुटतो. यांतले काहीच बाहेरून दिसत नाही. गाडी सुरू होते, गॅरेजच्या बाहेर निघते, मजुरी दिली जाते. मग सेंधव्याकडे जाताना बिजासनच्या घाटात, भरल्या गाडीत, पहिला गिअर घासून पडतो किंवा इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र जागची पुढे सरत नाही. दोष लागतो तो ड्रायव्हरच्या डाव्या पायाला. आप्पांच्या सोबतच्या कित्येक माणसांनी असे बोल ऐकून घेतले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पगारातून प्लेटचे पैसे कापले गेले आहेत. क्लच जळण्याला ड्रायव्हर कारण असतोच, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे मीही पाहिले आहेत. पण बसवणाऱ्याचे काम बेल हाउसिंगमध्ये बंद होते आणि ड्रायव्हरचे काम सगळ्यांसमोर रस्त्यावर चाललेले असते, त्यामुळे न्याय नेहमी एकाच बाजूने होतो. मला त्या वहीतल्या ओळीचा त्रास झाला, त्याच्या मुळाशी हे आहे.

दुरुस्ती-पुस्तक लिहिणाऱ्याची अडचण मला समजते. प्रत्येक भागाखाली पुन्हा सगळे लिहायचे तर पुस्तक दुप्पट जाड होईल, आणि पुस्तकातल्या त्या ओळीच्या आगेमागे बोल्टांचे टॉर्क, झिजेच्या मर्यादा, ग्रीसचा प्रकार हे सगळे तक्त्यांत दिलेलेही असते. अनुभवी माणूस ते तक्ते पाहतो आणि ती ओळ त्याला पुरते. शिकणारा मात्र तक्ता सोडतो आणि ओळ उचलतो. आमच्या प्रात्यक्षिकाचे वेळापत्रकही त्याला तेच शिकवते : सकाळचा उत्साह आणि हातातली ताकद उतरवण्यात जाते, दुपारी उन्हाने शेड तापते, आणि बसवण्याचे काम घंटा होण्याच्या आत उरकावे लागते. मुलगा जे लिहितो ते त्याने पाहिलेलेच लिहितो.

काम पुरे झाले की नाही याची खूण त्याला आम्ही द्यायला हवी. गिअरबॉक्स बसला, प्रोपेलर शाफ्ट जोडला, क्लचच्या तेलातली हवा काढली, की पेडलची मोकळी चाल, म्हणजे क्लचवर दाब येण्याआधी पेडल जेवढे सैल जाते ते अंतर, मोजायची. जोडणी दांड्यांची असेल तर लायनिंग झिजत जाते तशी ही चाल कमी होते, आणि ती संपली की बेअरिंग सतत दाबलेले राहते व प्लेट घसरू लागते; म्हणून ती आज किती ठेवली हे लिहून ठेवावे. मग इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबायचे, काही क्षण थांबायचे आणि रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणारी सोय, नसतो, त्यामुळे प्लेट जराशी जरी फिरत राहिली असेल तरी तो कर्रर्र करून सांगतो. आप्पा गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना नेमके हेच करत. पैसे त्यानंतर देत. वस्तादांना त्याचे कधी वाईट वाटले नाही, उलट ते बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत.

त्या प्रशिक्षणार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि ती ओळ त्याच्यासमोर वाचली. तो म्हणाला, ‘सर, पुस्तकात असेच आहे.’ मी म्हटले, आहे, म्हणून तर विचारतो, प्लेटची कुठली बाजू गिअरबॉक्सकडे लावलीस? त्याने ते सांगितले. डमी शाफ्ट सैल आला होता का? आला होता. पेडलची चाल किती ठेवली? ती त्याने मोजली नव्हती, कारण कोणी मागितली नव्हती. म्हणून आता या प्रात्यक्षिकाच्या वहीत मी एक वेगळे पान जोडून दिले आहे. फ्लायव्हील फिरवताना डायल गेज या मापकावर दिसलेली त्याची लचक, नव्या लायनिंगची जाडी, लिव्हरांच्या टोकांची उंची, बोल्टांचा टॉर्क आणि पेडलची मोकळी चाल, यांसाठी त्यावर रिकाम्या चौकटी आहेत, आणि गिअरबॉक्स वर चढवण्याआधी पहिल्या चार चौकटींवर माझी सही लागते. हे पान एका सत्रात भरून होत नाही, अशी मुलांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. उतरवण्यासाठी एक आणि बसवण्यासाठी दोन सत्रे मिळावीत, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे.